इंदूरहून अलास्का: आजी-आजोबा आणि मुलांसह हिमनद्यांच्या किनाऱ्यावर

इंदूरच्या मराठी घरांत हल्ली हे चित्र सर्रास दिसतं: मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत, आई-बाबांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा, आणि दर उन्हाळ्यात "या वेळी कुठे?" हा प्रश्न. नायगारा झालेला असतो, न्यूयॉर्क झालेलं असतं, लास वेगासला नेल्याबद्दल आजी अजून टोमणे मारत असतात. मग कोणीतरी अलास्काचं नाव काढतं आणि पुढचे चार दिवस घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा ठिकाणांची यादी फिरते.

ती यादी फाडून टाका. अलास्का मध्य प्रदेशाच्या साडेपाच पट मोठं आहे, आणि रस्ते त्यातल्या अगदी थोड्या भागात पोचतात. दहा दिवसांत "अलास्का करणं" म्हणजे दहा दिवस गाडीत बसणं. सत्तरीचे आजोबा आणि आठ वर्षांचा नातू दोघांनाही झेपेल, हिमनदी जवळून दिसेल, खडकाळ किनाऱ्यावर चालता येईल, समुद्रात देवमासे दिसतील, असं एकच गाव धरा आणि तिथे मुक्काम ठोका. ते गाव म्हणजे स्यूअर्ड. वस्ती जेमतेम अडीच-तीन हजार, मागे डोंगर, पुढे रेझरेक्शन बे नावाची खाडी आणि शेजारी केनाय फ्योर्ड्स नॅशनल पार्क (फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, कड्यांमधली खाडी). १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का विकत घेण्याचा व्यवहार ज्या मंत्र्याने केला, त्या विल्यम स्यूअर्डचं नाव या गावाला दिलेलं आहे.

महिना आधी ठरवा, बाकी सगळं नंतर

इथला हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. आपल्या मुलांच्या सुट्टीत बसणारा काळ म्हणजे मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा. सुदैवाने स्यूअर्डला पावसाचं प्रमाण याच काळात कमी असतं. ऑगस्टनंतर तिथे जो पाऊस लागतो तो ऑक्टोबरपर्यंत हटत नाही. "कमी" या शब्दावर मात्र फार विसंबू नका. जूनमध्येही चारातला एखाद-दुसरा दिवस भिजका जाईल असं धरूनच चाला.

जूनमध्ये उजेड जवळजवळ १९ तास असतो. रात्री साडेदहाला मुलं बाहेर खेळायला निघतात आणि पहाटे साडेचारला पडद्यातून ऊन आत येतं. डोळ्यांवर बांधायची पट्टी प्रत्येकाची वेगळी न्या. हौसेची वस्तू समजून ती सोडू नका. तिसऱ्या दिवसापर्यंत झोप झाली नसेल तर सगळं घर एकमेकांवर खेकसायला लागतं.

चार जुलैच्या आसपास जायचं टाळा. त्या दिवशी गावामागच्या माउंट मॅरेथॉनवर चढाईची जुनी, नावाजलेली शर्यत असते. गाव माणसांनी फुलून जातं आणि खोल्या मिळत नाहीत.

व्हिसा, आणि क्रूझमधली एक मेख

ज्यांच्याकडे अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आहे त्यांना वेगळं काही लागत नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी वर्षभर आधी अर्ज भरावा. मुलाखतीसाठी इंदूरकरांना मुंबई किंवा दिल्ली गाठावीच लागते, आणि तारखा कधी महिन्यात मिळतात तर कधी वर्षभर मिळत नाहीत. लहान मुलांना आणि वृद्धांना मुलाखतीत मिळणारी सूट नियमांबरोबर बदलत राहते. गेल्या वर्षी शेजारच्यांना काय लागलं यावर जाऊ नका, दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

मेख अशी की सिॲटलहून सुटणाऱ्या बहुतेक अलास्का क्रूझ वाटेत कॅनडाच्या बंदराला थांबतात आणि काही तर व्हँकुव्हरहूनच सुटतात. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. तीच गत सिॲटलहून गाडीने जाण्याची, कारण रस्ता कॅनडातूनच जातो. सिॲटलहून अँकरेजला, म्हणजे अलास्कातल्या सगळ्यात मोठ्या शहराला, विमानाने गेलात तर तो देशांतर्गत प्रवास. साडेतीन तासांत पोचता आणि कॅनडाचा संबंध येत नाही.

क्रूझबद्दल माझं मत विचाराल तर ज्यांना चालणं अजिबात जमत नाही त्यांच्यासाठी ती चांगलीच. पण मुलं सोबत असतील तर जहाजाच्या काचेमागून हिमनदी बघण्यापेक्षा चिखलात बूट भरवून बघितलेली बरी.

कोणतं बुकिंग आधी

क्रम असा ठेवा: आधी स्यूअर्डची राहण्याची जागा, मग बोट, मग भाड्याची गाडी, आणि शेवटी विमान. आपल्याकडे उलटं करायची सवय आहे. विमानाची स्वस्त तिकिटं दिसली की लोक घेऊन टाकतात आणि मग स्यूअर्डला त्या तारखांना छप्पर मिळत नाही. गाव लहान, हंगाम छोटा. जून हवा असेल तर जानेवारीतच हलायला हवं. गाडीचंही तेच, उन्हाळ्यात अँकरेजला सात आसनी गाडी ऐन वेळी मिळणं अवघड.

जागा घेताना स्वयंपाकघर आहे का आणि कपडे वाळवायचं यंत्र आहे का, हे दोनच प्रश्न विचारा. खिडकीतून काय दिसतं हे नंतर.

इंदूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथून अमेरिकेचा पश्चिम किनारा, तिथून अँकरेज असा प्रवास पडतो. अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथे इमिग्रेशन होतं आणि बॅगा स्वतः घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून तिथे किमान तीन तासांचं अंतर ठेवा आणि आजींसाठी व्हीलचेअर आधीच मागून ठेवा. त्यांना चालता येत असलं तरी मागा. रांगा लांब असतात आणि आजींच्या मागोमाग सगळं कुटुंब लवकर सुटतं.

मुलगी सिॲटलला किंवा कॅलिफोर्नियात असेल तर आधी तिच्याकडे चार दिवस राहा. अलास्का इंदूरच्या साडेतेरा तास मागे आहे. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजलेले असताना तिथे आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे साडेसात. उलटलेलं घड्याळ आणि न मावळणारा सूर्य हे दोन्ही एकाच आठवड्यात वृद्धांच्या अंगावर घालू नये.

कपडे: सगळ्यात जास्त चूक इथेच होते

इंदूरकराला थंडी म्हणजे जानेवारीतली कोरडी थंडी माहीत. पाऊस म्हणजे कोमट पाऊस. थंड पाऊस आणि वर समुद्राचा वारा हे प्रकरण आपल्या अंगवळणी नाही. जूनमध्ये स्यूअर्डला दुपारी १४-१६ अंश असतात, म्हणजे कागदावर काहीच नाही. पण हिमनदीसमोर बोटीच्या डेकवर उभं राहिलं की बर्फावरून येणारा वारा थेट हाडात शिरतो.

त्यावर जाडजूड जॅकेट हा उपाय नाही. थर लागतात. आतला थर अंगाला चिकटणारा, लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा. मधला फ्लीसचा. बाहेरचा पूर्ण पाणीरोधक, टोपीसकट. आणि पाणीरोधक पँट, जी आपल्याकडचे लोक हमखास गाळतात. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स घरी ठेवा. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. छत्रीचा वाऱ्यात उपयोग नाही. आजींची अडचण होते ती साडीची. पंजाबी ड्रेसच्या आत गरम लेगिंग आणि वरून पाणीरोधक पँट, यावर बहुतेक आजी दोन दिवस कुरकुरतात आणि तिसऱ्या दिवशी पँट उतरवायला तयार नसतात.

"वॉटरप्रूफ" असं लिहिलेल्या प्रत्येक जॅकेटवर विश्वास ठेवू नका. इंदूरलाच परीक्षा घ्या. जॅकेट मुलाला घाला, आत जुना करड्या रंगाचा टी-शर्ट, आणि अंगणात बागेच्या पाइपाखाली दहा मिनिटं उभं करा. मे महिन्यात मुलं आनंदाने तयार होतात. मग जॅकेट काढून खांद्याची शिवण, चेन आणि मनगट बघा. करड्या कापडावर ओल गडद दिसते, त्यामुळे पाणी कुठून शिरलं ते लगेच कळतं. खांदा गळला तर दुकानात परत करा. नुसती चेन ओली झाली तर चालेल.

बुटांचंही तसंच. घोट्यापर्यंतचे पाणीरोधक बूट घ्या, अर्धा नंबर मोठे, आणि निदान दीड महिना आधीपासून वापरा. नवे बूट थेट अलास्कात काढले तर फोड ठरलेले.

इंदूरमधली तयारी

फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा चढावर चला. रालामंडळची टेकडी सुरुवातीला पुरेशी. मार्चमध्ये जानापाव. सपाटीवर बागेत रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या आजोबांना वाटतं की आपली तयारी झाली, पण तिथे गुडघ्यांचा खरा कस उतारावर आणि ओल्या दगडांवर लागतो. दोन काठ्या घेऊन चालायची सवय इथेच करा. मुलांना पाठीवर स्वतःची छोटी बॅग द्या, त्यात पाणी, खाऊ आणि रेनकोट. ही सवय झाली नसेल तर तिथे सगळ्यांच्या बॅगा बाबांच्या खांद्यावर येतात.

पाण्याची भीती किंवा बोटीत मळमळ कोणाला होते तेही आधी कळलेलं बरं. महेश्वरला नर्मदेतल्या नावेत बसवून समुद्राचा अंदाज येत नाही, हे खरं. पण नावेत पाय ठेवतानाच हात-पाय कापणारं कोणी असेल तर ते तिथे कळतं.

अँकरेज ते स्यूअर्ड: दोनशे किलोमीटर, अख्खा दिवस

अँकरेजला दोन रात्री काढा. किराणा इथेच भरा, अस्वलांसाठीचा स्प्रे (अंगावर आलेल्या अस्वलावर मारायचा तिखट फवारा) इथेच घ्या. शहरात विक्रीकर नाही, आणि स्यूअर्डला आहे. मग सकाळी स्यूअर्ड हायवे धरा. अंतर साधारण २०० किलोमीटर, नकाशा अडीच तास दाखवेल. अख्खा दिवस द्या.

गाडी चालवणाऱ्यासाठी चार गोष्टी. रस्त्याची बाजू उजवी. या हायवेवर दिवसाही दिवे लावणं सक्तीचं आहे. आपल्यामागे पाच किंवा जास्त गाड्या खोळंबल्या तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यावं लागतं, हाही कायदाच. आणि मुलांना त्यांच्या उंची-वजनाप्रमाणे कार सीट किंवा बूस्टर. "मांडीवर घेते" हे तिथे चालत नाही. वाटेत लांबलांब टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशे आधीच उतरवून घ्या.

पहिले ऐंशीएक किलोमीटर रस्ता टर्नअगेन आर्म या खाडीच्या कडेने जातो. इथे भरती-ओहोटीतला फरक नऊ मीटरच्याही पुढे जातो. पाणी ओसरलं की मैलोन् मैल करडा, गुळगुळीत चिखल उघडा पडतो आणि मुलांना त्यावर उतरावंसं वाटतं. उतरू देऊ नका. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं ते पीठ आहे. वरून घट्ट दिसतं, पाय ठेवला की ओल्या सिमेंटसारखं बूट धरून ठेवतं, आणि परतणारी भरती वेगाने येते. इथे माणसं अडकून मेलेली आहेत. थांब्यावरून, कठड्यामागून बघा.

बघण्यासारखं मात्र खूप आहे. भरती उलटताना कधी कधी पाण्याची एक सलग भिंत खाडीत वर चढत येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत ती मोठी असते. म्हणजे आजींच्या पर्समधलं पंचांग अलास्कातही कामाला येतं. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून काढायची आणि बेलूगा पॉइंट या रस्त्यावरच्या थांब्यावर अर्धा तास आधी जाऊन बसायचं.

वाटेत पोर्टेज खोऱ्यात वळा. इथलं बेगिच-बॉग्ज व्हिजिटर सेंटर १९८६ साली पोर्टेज हिमनदी दिसावी म्हणून बांधलं, आणि काही वर्षांतच हिमनदी मागे सरकून त्याच्या खिडक्यांतून दिसेनाशी झाली. तिथून जवळच बायरन ग्लेशियरची सोपी पायवाट आहे, जाऊन-येऊन तास-दीड तास. बर्फात राहणारे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे काळे किडे, आइस वर्म, इथे शोधता येतात. मुलांना देवमाशांपेक्षा हे जास्त आवडण्याची शक्यता आहे. पायवाटेच्या टोकाला हिमाच्या कमानी आणि गुहा तयार झालेल्या असतात. त्यांच्या आत जायचं नाही, वरही चढायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. उन्हाळ्यात त्या आतून वितळत असतात आणि सूचना न देता कोसळतात.

ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांच्यासाठी अँकरेज-स्यूअर्ड रेल्वे आहे, उन्हाळ्यात रोज, चार तासांपेक्षा थोडी जास्त. आजी-आजोबांना आणि एका मोठ्या माणसाला रेल्वेने पाठवून बाकीच्यांनी गाडीने जायचं, हा सगळ्यांत शहाणपणाचा तोडगा. रेल्वे रस्त्याला सोडून आत शिरते आणि ज्या हिमनद्या गाडीतून दिसत नाहीत त्या तिच्या खिडकीतून दिसतात.

स्यूअर्डचे चार दिवस

चार रात्री घ्या, आणि त्यातला एक दिवस कोरा ठेवा. कोरा म्हणजे खरोखर कोरा. बोट हवामानामुळे रद्द होऊ शकते. कोरा दिवस असेल तर ती पुढे सरकते, नसेल तर पैसे परत मिळतात आणि देवमासे राहून जातात. म्हणून बोट पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी कधीच नको.

बोट. या प्रवासातला सगळ्यात मोठा खर्च हाच आणि कात्री लावू नये असाही हाच. चार तासांची फेरी खाडीतच फिरते. समुद्री ऑटर (पाणमांजरं), सी लायन (सीलसारखे मोठे समुद्री प्राणी), पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) दिसतात, पण समुद्राला मिळणारी मोठी हिमनदी दिसत नाही. सहा तासांची फेरी बाहेरच्या समुद्राला वळसा घालून आयालिक किंवा होल्गेट हिमनदीपर्यंत जाते. आठ-साडेआठ तासांची नॉर्थवेस्टर्न फ्योर्डला जाते. तीन पिढ्या असतील तर सहा तासांची घ्या. आठ तासांत लहान मुलं कंटाळतात आणि आजोबांचा स्वच्छतागृहाचा हिशेब बिघडतो. मळमळीचं फारच भय असेल तर आजी-आजोबांसाठी चार तासांची वेगळी काढा. त्यातही ऑटर पोटावर शिंपला ठेवून दगडाने फोडताना दिसला तर पैसे वसूल.

खाडी संपून बोट उघड्या समुद्रात आली की लाटा सुरू होतात. इथे समुद्रापलीकडे अडवायला काही नाही. सकाळी पोहे थोडे, तेल कमी. रिकाम्या पोटीही जाऊ नका. गोळी बोट सुटण्याच्या तासभर आधी, चक्कर यायला लागल्यावर नाही. आपल्याकडे घाटात ॲव्होमिन देतात तशी सवयीने कोणतीही गोळी देऊ नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना या गोळ्या बाधू शकतात आणि मुलांचं प्रमाण वेगळं असतं. इंदूरच्या डॉक्टरांकडून नाव आणि मात्रा लिहून न्या. बसायला खालचा मजला, बोटीचा मध्य. मळमळायला लागलं तर बाहेर यायचं आणि क्षितिजाकडे बघायचं. मोबाइलवर फोटो चाळत बसणं म्हणजे उलटीला आमंत्रण.

हिमनदीसमोर कप्तान इंजिन बंद करतो. बर्फाचा कडा निळा दिसतो, कारण शेकडो वर्षांच्या दाबाने त्यातली हवा पिळून निघालेली असते आणि दाट बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो. पाण्यात तरंगणारे तुकडे चटचट आवाज करतात. जुन्या हवेचे बुडबुडे फुटत असतात. मग कड्याचा एखादा भाग निसटून पाण्यात पडतो. आधी दिसतो, आवाज दोनेक सेकंदांनी येतो. मुलांना सांगा, दिसल्याबरोबर मोजायला लागा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर धरलं की बोट कड्यापासून किती दूर आहे ते त्यांचं त्यांनाच काढता येतं. समोरची गोष्ट किती मोठी आहे हेही त्यातूनच कळतं, एरवी डोळे फसतात.

एक्झिट ग्लेशियर. गावापासून वीसेक किलोमीटरवर. पार्कमधला गाडीने पोचता येणारा हा एवढाच भाग, आणि प्रवेश फुकट. इथल्या पायवाटा बर्फापर्यंत जात नाहीत, लांबून बघायचं असतं. रस्त्याच्या आणि पायवाटेच्या कडेला सालांच्या पाट्या आहेत: त्या साली हिमनदीचं टोक इथपर्यंत होतं. १९१७, १९२६, १९५१ अशा पाट्या ओलांडत तुम्ही चालत जाता आणि बर्फ काही येत नाही. आजोबांच्या जन्मसालाच्या सगळ्यात जवळची पाटी शोधायचं काम नातवंडांना द्या. तिथे आजोबांना उभं करा, आणि मग नातवाच्या जन्माच्या सुमाराचं टोक कुठे होतं ते बघायला पुढे चला. मधलं अंतर पायांनीच मोजलं जातं.

सुरुवातीचा साधारण दीड किलोमीटरचा फेरा सपाट आहे, व्हीलचेअर जाते. त्यापुढे हिमनदीच्या जवळ नेणारी वाट जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर, थोडी चढाची, दगडाची. जानापाव चढलेले आजोबा ती करतील. हार्डिंग आइसफील्डची वाट मात्र वेगळीच. जाऊन-येऊन तेरा किलोमीटर, चढ हजार मीटरच्या वर, सहा ते आठ तास, आणि जूनच्या सुरुवातीला वरचा भाग हिमाखाली. वर सुमारे अठराशे चौरस किलोमीटरचं सलग बर्फाचं मैदान आहे, ज्यातून चाळीसेक हिमनद्या फुटतात. घरातले धट्टेकट्टे दोघे-तिघे असतील तर त्यांनी एक दिवस जावं. बाकीच्यांनी निम्म्या वाटेवरूनही परत फिरायला लाजू नये.

व्हिजिटर सेंटरमध्ये मुलांसाठी ज्युनिअर रेंजरची पुस्तिका फुकट मिळते. ती भरून दिली की रेंजर मुलांकडून शपथ घेतात आणि बिल्ला देतात. हे पहिल्या दिवशीच घ्या म्हणजे पुढे मुलांनाच प्रश्न पडत राहतात.

किनारा. लोवेल पॉइंटहून जंगलातून टॉन्सिना पॉइंटपर्यंत वाट आहे, एका बाजूने अडीच किलोमीटरच्या आसपास. स्प्रूसची मोठमोठी, शेवाळलेली सूचिपर्णी झाडं, खाली काळ्या गोट्यांचा किनारा. दहा वर्षांची मुलं सहज जातात. त्यापुढे केन्स हेडला जाणारी वाट किनाऱ्यावरूनच आहे आणि फक्त मोठ्या ओहोटीतच उघडी असते. ओहोटीच्या दोन तास आधी निघावं लागतं आणि पुढची ओहोटी येईपर्यंत परतता येत नाही. मुलं-म्हातारी सोबत असताना टॉन्सिनालाच थांबा. किनाऱ्यावर कुठेही बसलात तरी त्या दिवशीच्या भरतीची वेळ घड्याळात लावून ठेवा.

कयाक (वल्ह्याची छोटी अरुंद होडी) करायची तर वाटाड्यासोबत अर्ध्या दिवसाची, खाडीच्या आडोशाच्या भागात. वयाची अट प्रत्येकाची निराळी, आधी विचारा. पाणी दहा अंशांच्या आसपास असतं; त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. लाइफ जॅकेट पाणी सोडून किनाऱ्यावर पाय ठेवेपर्यंत काढायचं नाही.

कोरा दिवस. पाऊस असेल तर अलास्का सीलाइफ सेंटर. १९८९ साली एक्झॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, त्याच्या भरपाईच्या पैशातून बराचसा उभा राहिलेला हा मत्स्यालय आणि जखमी प्राण्यांच्या दवाखान्याचा एकत्र प्रकल्प, १९९८ पासून खुला. गावात त्सुनामीच्या वेळी कुठे पळायचं याच्या पाट्या दिसतील. २७ मार्च १९६४ ला इथे ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला, लाटांनी आणि आगीने गावाचा बंदराकडचा भाग नेला. जमीन बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता उंचावर जायचं, एवढं मुलांना सांगून ठेवा.

बर्फावर खरोखर चालायचंच असेल तर परतताना अँकरेजहून मॅटानुस्का हिमनदीला एक दिवस काढा. ईशान्येला दीडशे-एकशे साठ किलोमीटर, बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून, वाटाड्यासोबत.

अस्वल आणि मूस: दोघांचे नियम उलटे

वाटेवर बोलत, टाळ्या वाजवत चला. इंदूरच्या कुटुंबाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अस्वल दिसलं तर पळायचं नाही. एकत्र उभं राहायचं, शांतपणे बोलत हळूहळू मागे सरायचं, मुलांना मध्ये घ्यायचं. मूस, म्हणजे तो अवाढव्य हरीण, जूनमध्ये पिल्लासोबत असतो आणि अस्वलाहून जास्त लोकांना तुडवतो. तो अंगावर आला तर मात्र पळायचं आणि झाड मध्ये घालायचं. मुलांकडून हे दोन्ही आलटून पालटून म्हणून घ्या. खाण्याचं काहीही, सेवचं रिकामं पाकीटसुद्धा, तंबूत किंवा वाटेवर टाकायचं नाही.

खाणं

अमेरिकेत शिरताना खाण्याच्या वस्तू जाहीर करायच्या असतात. विचारलं नाही तरी सांगा. बंद पाकिटातली सेव, चिवडा, भाजणी, मेतकूट यांना सहसा अडचण येत नाही. ताजी फळं, भाज्या, मांस नेऊ नका, आणि दुधाची मिठाई इथल्या नातेवाइकांना देऊन या. स्यूअर्डला किराणा मिळतो, पण महाग. डाळ-तांदूळ अँकरेजहून भरा आणि एक छोटा कुकर सोबत असू द्या. पावसातून भिजून आल्यावर मुगाची खिचडी आणि वर इंदुरी सेव, यापुढे तिथला कोणताही चाउडर (मासे-शिंपल्यांचं दाट सूप) फिका पडतो. बोटीवर मात्र स्वतःचा डबा न्या, कारण शाकाहारी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पाव आणि चीज असतं.

औषधं आणि विमा

वृद्धांच्या विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, आणि हवाई रुग्णवाहिका आहे का, हे लेखी बघा. स्यूअर्डचं हॉस्पिटल लहान आहे. गंभीर रुग्णाला अँकरेजला हलवतात. रोजची औषधं दुप्पट, दोन वेगळ्या बॅगांत, चिठ्ठीसकट. मधुमेहाचं इन्सुलिन केबिन बॅगेत.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अँकरेजला मुक्काम हवाच. दरड कोसळून किंवा अपघाताने तो एकच रस्ता बंद झाला तर दुसरा नाही. आणि अस्वलाचा स्प्रे विमानात चालत नाही, ना केबिनमध्ये ना सामानात. राहण्याच्या जागेच्या मालकाला किंवा पुढच्या कुटुंबाला देऊन टाका.